लोहमार्गाचे वय आणि त्याची नोंद : कसारा ते मनमाड या मार्गाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मुंबई ते ठाणे ही रेल्वेसेवा १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. त्यानंतर बारा वर्षांच्या आत, १ जानेवारी १८६५ रोजी, थळ घाटातील कसारा–इगतपुरी हा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि नाशिक जिल्ह्याचा मुंबईशी थेट लोहमार्ग-संबंध जोडला गेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आखणीनुसार हे काम झाले; काम पूर्ण झालेले पाहण्यास मात्र ते हयात नव्हते. सदतीस फुटांस एक फूट हा त्या काळी ठरलेला चढ आजही गाड्यांना चढावा लागतो आणि त्यासाठी मागून जादा इंजिने लावावी लागतात.

असे असले तरी त्या काळचा एकही रूळ किंवा स्लीपर आज वाहत्या मार्गात नाही. लोहमार्ग ही एकाच वेळी जुनी होणारी वस्तू नव्हे. रूळ एका वेगाने झिजतो, स्लीपर दुसऱ्या वेगाने, खडी तिसऱ्या. भराव आणि बोगदे यांचे वय तर शतकांत मोजावे लागते. त्यामुळे ‘हा मार्ग किती जुना आहे?’ या साध्या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही; किलोमीटरागणिक आणि घटकागणिक ते बदलते. हे उत्तर सतत अद्ययावत ठेवणे म्हणजेच मार्गाच्या स्थितीवरील देखरेख होय. ही देखरेख कशी होते, प्रत्येक पद्धतीला काय दिसते व काय दिसत नाही आणि दिसलेल्या दोषावर कृती होण्यात अडचण कोठे येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रुळाचे वय भारात मोजतात

रुळाचे आयुष्य वर्षांत सांगण्याची रीत अभियंत्यांमध्ये नाही. त्यावरून गेलेल्या एकूण वजनात ते सांगितले जाते. इंजिन, डबे, माल व प्रवासी असे सर्व मिळून दहा लाख टन भार रुळावरून गेला की तो एक ‘जीएमटी’ धरला जातो. भारतीय रेल्वेत दीर्घकाळ प्रचलित असलेल्या निकषानुसार, दर मीटरला ५२ किलो वजनाच्या नेहमीच्या प्रतीच्या रुळाचे आयुष्य ५२५ जीएमटी, तर त्याच प्रतीच्या ६० किलो रुळाचे ८०० जीएमटी मानले जाते. वजनात जेमतेम पंधरा टक्के वाढ केल्याने आयुष्यात पन्नास टक्क्यांहून अधिक भर पडते, हे लक्षणीय आहे. याच हिशेबाने, ज्या मार्गावरून वर्षाला ४० जीएमटी भार जातो तेथील ६० किलोचा रूळ वीस वर्षे टिकेल. भार दुप्पट झाल्यास दहाच वर्षे.

म्हणून एकाच दिवशी टाकलेले शेजारशेजारचे दोन मार्गही एकाच वेळी वृद्ध होत नाहीत. एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राकडे या मार्गाने येणारा कोळसा भरलेल्या वाघिणींतून येतो; परतताना त्याच वाघिणी रिकाम्या असतात. भरल्या दिशेचा मार्ग अर्थातच आधी थकतो.

भार हे मुख्य कारण असले तरी एकमेव नव्हे. रुळाचा माथा चाकांखाली झिजतो. ही झीज ६० किलोच्या रुळात १३ मिलिमीटर आणि ५२ किलोच्या रुळात ८ मिलिमीटरपर्यंत चालते, त्यापुढे रूळ बदलावा लागतो. घाटातील वळणांवर बाहेरच्या रुळाची आतली कड चाकाच्या कंगोऱ्याने खरवडली जाते. चढावर इंजिनाचे चाक जागीच फिरले तर त्या ठिकाणी पोलाद भाजून निघते आणि पुढे तेथूनच भेग सुरू होते. बोगद्यांतील ओल रुळाचा तळ खाते. यात भर म्हणून कित्येक दशके डब्यांतील शौचालयांचे मैलापाणी थेट रुळांवर सांडत होते. बंदिस्त जैव-शौचालयांचा स्वीकार स्वच्छतेच्या नावाने झाला. पण पोलादाच्या गंजण्याच्या दृष्टीने तो तितकाच महत्त्वाचा होता, हे फारसे बोलले जात नाही.

निफाडचा पारा आणि ताणलेला रूळ

पूर्वी १३ मीटर लांबीचे रूळ फिशप्लेटांनी जोडलेले असत. एका किलोमीटरमध्ये प्रत्येक ओळीत सत्त्याहत्तरच्या आसपास सांधे येत. गाडीची परिचित खडखड ती याच सांध्यांची. प्रत्येक सांध्यावर चाक आपटे आणि सांधा ढिला होई. मात्र उन्हाळ्यात रूळ वाढण्यास तेथे फट असे. आता रूळ एकमेकांना वितळजोड देऊन किलोमीटरच्या किलोमीटर अखंड केले जातात. खडखड गेली, देखभाल कमी झाली. परंतु वाढण्याची जागाही गेली.

पोलादाच्या प्रसरणाचा हिशेब केल्यास, मोकळा सोडलेला एक किलोमीटर लांबीचा रूळ तापमान तीस अंशांनी वाढल्यावर सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत वाढेल. अखंड मार्गात त्याला वाढू दिले जात नाही. दोन्ही टोकांकडील शंभरेक मीटरचा भाग तेवढा थोडा पुढे-मागे सरकतो. मधला संपूर्ण भाग स्लीपर व खडी यांनी जखडलेला असतो. न झालेल्या या वाढीचे रूपांतर बलात होते. ६० किलोच्या रुळात दर अंश सेल्सिअसमागे सुमारे १.९ टन बल साठते. तीस अंशांच्या फरकाला ते प्रत्येक रुळात ५७ टन भरते. यासाठी रूळ एका विशिष्ट तापमानाला तणावमुक्त करून जखडला जातो. हे तापमान त्या भागातील रुळाच्या सरासरी तापमानाच्या आसपास किंवा त्याहून किंचित वर ठेवतात. त्याहून ऊन वाढले की रूळ दाबला जातो, गारठा वाढला की ताणला जातो.

या दृष्टीने नाशिक जिल्ह्यातील ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव हा पट्टा विशेष अभ्यसनीय आहे. येथे उन्हाळ्यात हवेचे तापमान चाळीस अंशांपर्यंत जाते. अशा दुपारी उन्हातील रूळ हवेपेक्षा वीसेक अंशांनी अधिक तापलेला असू शकतो. याच निफाड परिसरात थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली उतरतो आणि त्या आकड्याची बातमी राज्यभर होते. साठ आणि पाच या दोन टोकांमधील सर्व फरक एकाच जखडलेल्या रुळाने सोसावयाचा असतो.

तापलेला रूळ कडेला फाकतो. असे होण्याची शक्यता, खडी नुकतीच हलवलेली असल्यास, सर्वाधिक असते. म्हणून कडक उन्हात खडी मोकळी करण्याच्या कामांवर बंधने आहेत. गारठलेला रूळ मात्र तुटतो, आणि तो तुटतो ते बहुधा जेथे आधीच सूक्ष्म दोष आहे तेथे, विशेषतः जागेवर केलेल्या वितळजोडांत. तणावमुक्त तापमानाच्या वीस अंश वर रूळ गेला की उन्हाळी गस्त आणि तीस अंश खाली गेला की हिवाळी गस्त घालण्याचा दंडक आहे. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवून घड वाचवणारा शेतकरी आणि त्याच वेळी बागेच्या बांधापलीकडून कंदील-विजेरी घेऊन जाणारा गस्तवाला हे दोघेही एकाच पाऱ्याकडे पाहत असतात.

रूळ पूर्ण तुटल्यास सिग्नल आपोआप लाल होतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो अंशतः खरा आहे. रुळांतून वाहणाऱ्या मंद विद्युत्प्रवाहावर चालणारी व्यवस्था जेथे आहे, तेथे तुटीमुळे प्रवाह खंडित होऊन सिग्नल लाल होऊ शकतो. मात्र अर्धवट भेगेतून प्रवाह सुरूच राहतो. शिवाय चाकांचे आस मोजून गाडीचे अस्तित्व ओळखणारी जी उपकरणे अनेक ठिकाणी बसवली गेली, त्यांना तुटलेला रूळ मुळीच कळत नाही. त्यांचे ते कामच नाही. म्हणजे सिग्नल यंत्रणा आधुनिक झाल्याने रुळाची पाहणी आपोआप सुधारते असे नाही. उलट एक आनुषंगिक पहारा कमी होतो.

दिसत नाही अशी भेग

२६ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे पंजाबात खन्नाजवळ फ्रंटियर मेलचे डबे घसरून शेजारच्या मार्गावर आले आणि समोरून येणारी जम्मूतावी–सियालदह एक्सप्रेस त्यांवर आदळली. २१२ माणसे मरण पावली. रूळ तुटणे हे या घसरणीचे कारण ठरले. रुळाच्या पोटातील दोष हा भारतात सार्वजनिक चर्चेचा विषय झाला तो या अपघातानंतर.

आतील दोष शोधण्याचे प्रमुख साधन म्हणजे श्रवणातीत ध्वनी. हातगाडीसारखे यंत्र दोन माणसे रुळावरून ढकलत नेतात. त्यातील शोधक रुळात ध्वनिलहरी सोडतात. त्या तळावरून परत आल्या तर पोलाद सलग आहे असे समजतात, मध्येच परतल्या तर आत काही पोकळी आहे. सरळ खाली जाणारी लहर आडव्या भेगा व बोल्टच्या छिद्रांभोवतीचे तडे शोधते. सत्तर अंशांत तिरपी जाणारी लहर माथ्यातील उभा छेद शोधते. हा सर्वांत घातक, कारण तो बाहेरून दिसत नाही व अखेर एका क्षणात रूळ कापतो. दोषांची वर्गवारी केली जाते. ज्यांची गणना तातडीने काढण्याच्या वर्गात होते, तो रूळ तीन दिवसांत बदलावा आणि तोपर्यंत त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणावा, असा नियम आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. रुळाच्या तळाच्या दोन्ही बाजूंच्या पातळ पाकळ्या माथ्यावरून सोडलेल्या लहरींच्या टप्प्यात नीट येत नाहीत. माथ्यावर बारीक भेगांचे जाळे असेल तर लहर तेथेच परतते आणि तिच्याखालची मोठी भेग झाकली जाते. यंत्र ढकलणारा माणूस सलग सात-आठ तास एका पडद्यावरील रेघांकडे पाहत असतो, हीही मर्यादाच.

तथापि, दोष सापडला की प्रश्न सुटला, असे मानणे किती चुकीचे आहे हे इंग्लंडमधील हॅटफील्ड येथील १७ ऑक्टोबर २००० च्या अपघाताने दाखविले. तेथे वळणावरील रूळ गाडीखाली तुटून त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. चार प्रवासी दगावले. रुळाच्या कडेवरील भेगा महिनोन्महिने माहीत होत्या. बदली रूळ आणून ठेवलेले होते. बदलण्याचे काम मात्र पुढे ढकलले जात होते आणि दरम्यान गाड्यांचा वेगही कमी केला गेला नव्हता. मृतांची संख्या खन्नाच्या तुलनेत अल्प असली, तरी देखरेखीच्या अभ्यासकाला हॅटफील्ड अधिक शिकवून जाते. तेथे ज्ञान होते. त्या ज्ञानाला वेळापत्रकात जागा नव्हती. अपघातानंतर त्या देशात हजाराहून अधिक ठिकाणी वेगमर्यादा घालावी लागली आणि वर्षभराने मार्गाची मालकी असलेली रेलट्रॅक ही खासगी कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली.

भूमितीचे गुणांकन

रूळ अखंड असला तरी तो जागेवर असतोच असे नाही. दोन रुळांतील अंतर, त्यांची समपातळी, रेषेतील सरळपणा आणि दोन्ही रुळांचा परस्परांशी पडणारा पीळ या चार गोष्टी भारानुसार बिघडत जातात. त्यांची मोजणी मार्ग-नोंदणी डबा धावत्या स्थितीत करतो. आता लेझर व कॅमेऱ्यांनी रुळाला स्पर्श न करता अशी मोजणी करणाऱ्या यंत्रणाही वापरात आल्या आहेत.

या मोजमापांतून एक निर्देशांक काढला जातो. त्याची रचना गणिताच्या व संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना रोचक वाटेल. प्रत्येक घटकाच्या चढउतारांचे प्रमाण विचलन काढतात. नव्या मार्गाचे विचलन आणि तातडीची दुरुस्ती लागणाऱ्या मार्गाचे विचलन ही दोन टोके आधी ठरलेली असतात. प्रत्यक्ष विचलन नव्याइतके असेल तर शंभर गुण. ते वाढत जाईल तसे गुण घातांकी पद्धतीने घटतात. विचलन तातडीच्या टोकाला पोहोचले की शंभराला ‘ई’ या स्थिरांकाने भागून येणारी संख्या, म्हणजे सुमारे ३६.८, उरते. नियमावलीतील ‘३६ च्या खाली तातडीची दुरुस्ती’ ही मर्यादा अशी गणितातून आली आहे. चारही घटक एकत्र करताना दहापैकी सहा भाग सरळपणाला, दोन समपातळीला आणि एकेक पीळ व अंतर यांना दिला जातो. ऐंशीच्या वर गुण असतील तर मार्गास हात लावण्याची गरज नाही. पन्नास ते ऐंशी असता गरजेपुरती, छत्तीस ते पन्नास असता नियोजित दुरुस्ती करावी, असा संकेत आहे.

परंतु एका वेळचे गुण फारसे बोलत नाहीत. साठ गुणांचा एक किलोमीटर गेली तीन वर्षे साठावरच असेल, तर तो निरोगी मानावा. दुसरा सहा महिन्यांत नव्वदवरून साठावर आला असेल, तर त्याच्या पोटात काहीतरी बिघडले आहे. बहुधा खडीत माती भरलेली असते, पाणी निचरत नाही, किंवा भराव खचत असतो. यंत्राने खडी ठोकून मार्ग उचलला की गुण पुन्हा वर जातात. पण प्रत्येक ठोकणीत खडीचा थोडा चुरा होतो आणि पुढची दुरुस्ती आधीपेक्षा लवकर येते. ही अंतरे कमी होत जाणे हेच वार्धक्याचे खरे लक्षण. त्या वेळी उपाय ठोकणीचा नसून खडी चाळून काढण्याचा असतो. हे ओळखण्यासाठी दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी एकाच किलोमीटर-खुणेवर जुळवून वाचाव्या लागतात. देखरेखीचे शास्त्र मोजण्यापेक्षा या जुळवणीत अधिक आहे.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा गाड्या घसरण्याविषयीचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सादर झाला. २०१७–१८ ते २०२०–२१ या काळात मार्ग-नोंदणी डब्यांच्या आवश्यक फेऱ्यांत ३० ते १०० टक्के तूट आढळल्याचे त्यात नमूद आहे. ज्या वर्षी फेरी होत नाही, त्या वर्षाचा आलेख नंतर कोणत्याही उपकरणाने भरून काढता येत नाही. मार्गाचे आयुष्य पुढे जाते, नोंद मागे राहते.

पायी चालणारी नजर

घाटात पावसाळी गस्त, दरडींवरील सैल दगड आधीच पाडणारी पथके, बोगद्यांची पाहणी ही स्वतंत्र व्यवस्था आहे. तीत यंत्रांपेक्षा माणसेच अधिक लागतात. २९ ऑगस्ट २०१७ रोजी घाटाच्या पायथ्यापलीकडे आसनगावजवळ नागपूर–मुंबई दुरांतो घसरली ती मुसळधार पावसात मार्गावर आलेल्या मातीमुळे. अशा संकटाची पूर्वसूचना रुळाच्या कोणत्याही निर्देशांकात मिळणारी नव्हती.

पठारावरही मुख्य भिस्त चावीवाल्यावर आहे. सहाएक किलोमीटरचा आपला पट्टा तो दररोज पायी पाहतो. सुटलेली चावी ठोकतो, बोल्ट आवळतो, हातोड्याच्या नादावरून ढिलेपणा ओळखतो. त्याच्या निरीक्षणाला आकडा नसतो, त्यामुळे संगणकीय नोंदींत त्याला क्वचितच स्थान मिळते. मात्र तीन महिन्यांनी येणाऱ्या यंत्राच्या दोन फेऱ्यांमधील सर्व दिवस त्याच्या नजरेवर काढावे लागतात.

या नजरेची किंमत मोठी आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा आढावा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २००७–०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात कर्तव्यावर असताना मरण पावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे १६०० होती. याच काळातील अपघातांत मरण पावलेल्या इतरांच्या संख्येहून ती अधिक आहे. गाडी घसरल्याची बातमी होते. मार्गावर काम करणारा एकटा कामगार गेला तर ती स्थानिक पानावर दोन ओळींत संपते. १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे लासलगाव व उगाव या स्थानकांदरम्यान मार्गाच्या देखभालीचे काम करणाऱ्या चार कर्मचाऱ्यांचा, विद्युततारांच्या देखभालीसाठी वापरल्या जाणाऱ्या टॉवर वॅगनची धडक बसून मृत्यू झाला. मार्ग सांभाळणाऱ्या एका विभागाची माणसे तारा सांभाळणाऱ्या दुसऱ्या विभागाच्या वाहनाखाली सापडली. एकाच मार्गाची देखरेख करणाऱ्या दोन यंत्रणांना परस्परांचे क्षणोक्षणीचे ठिकाण ठाऊक नसणे हा देखरेखीतीलच दोष मानावयास हवा.

या सर्वांच्या मुळाशी वेळ आहे. रूळ बदलणे, खडी चाळणे, वितळजोड करणे यांसाठी वाहतूक थांबवून मार्ग ताब्यात घ्यावा लागतो. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. मुंबई–मनमाड हा देशातील अतिव्यस्त मार्गांपैकी एक. येथे दोन तासांचा ब्लॉक म्हणजे अनेक गाड्यांचा खोळंबा आणि प्रवाशांची नाराजी. साहजिकच ब्लॉक मागणारा अभियंता आणि तो देणारा वाहतूक-नियंत्रक यांच्यात रोजची ओढाताण चालते. १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौली येथे कलिंग-उत्कल एक्सप्रेस घसरली ती दुरुस्ती चालू असलेल्या ठिकाणीच. काम अर्धे मोकळे आणि गाडी वेगात, ही स्थिती ब्लॉकच्या टंचाईतून निर्माण होते.

डिसेंबर २०२३ च्या सुमारास रेल्वेने ‘रोलिंग ब्लॉक’ ही पद्धत नियमांत आणली. मार्ग, सिग्नल व विद्युत या तिन्ही विभागांची कामे बावन्न आठवडे आधीपर्यंत एकत्र आखावीत आणि हा आराखडा दर आठवड्याला पुढे सरकवीत न्यावा, अशी तीत अपेक्षा आहे. नाशिकच्या दृष्टीने तिची कसोटी २०२७ च्या सिंहस्थात लागेल. पर्वकाळात जादा गाड्या सोडाव्या लागतात आणि त्या गाड्यांसाठी ब्लॉक रद्द करणे हा सर्वांत सोपा उपाय असतो. प्रवासी गाड्यांचा भार मालगाड्यांच्या मानाने हलका असल्याने रुळाच्या जीएमटीत त्यांची फारशी भर पडत नाही. रद्द झालेल्या ब्लॉकांची पडते. शिवाय पावसाळ्यातील स्नानपर्वे आटोपल्यावर निफाडच्या पट्ट्यात लगेच थंडी सुरू होते. त्या पावसाळ्यापूर्वी कोणते वितळजोड तपासून झाले आणि कोणते राहिले, याची किलोमीटरवार यादी हिवाळी गस्त सुरू होण्याआधी चावीवाल्याच्या हाती असणे आवश्यक आहे.